पोलिसांविरुद्धचा अर्ज भोकरहून कुठवर जातो?

भोकरच्या ठाण्यात एखाद्याची फिर्याद लिहून घेतली नाही, किंवा फिर्याद द्यायला गेलेल्यालाच रात्रभर बसवून ठेवलं, तर कागदावर त्याच्यापुढे वाटा बऱ्याच आहेत. अपर पोलीस अधीक्षकांचं कार्यालय भोकरमध्येच आहे. पोलीस अधीक्षक पन्नासेक किलोमीटरवर, नांदेडला. परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षकही नांदेडलाच. इथवरची सगळी शिडी खाकी आहे. त्यामुळे अर्ज वरून ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन खाली येतो आणि पुष्कळदा ज्या ठाण्याबद्दल तक्रार आहे, त्याच ठाण्यातल्या कुणाच्या तरी टेबलावर येऊन थांबतो. जबाब द्यायला बोलावणं येतं तेही तिथूनच. खाकीबाहेरचा पहिला दरवाजा म्हणजे न्यायदंडाधिकारी. त्यानंतर थेट उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, आणि मुंबईतले राज्य मानवी हक्क आयोग व राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. तांड्यावरच्या किंवा वाडीवरच्या माणसासाठी ही अंतरं नुसती किलोमीटरची नसतात. बुडालेला रोज, वकिलाची फी आणि गावात परतल्यावर बीट जमादाराची नजर, हे सगळं त्यात धरावं लागतं.

पोलीस सुधारणा हा आपल्याकडे दिल्ली-मुंबईचा विषय मानला जातो. निवृत्त महासंचालकांची व्याख्यानं, सर्वोच्च न्यायालयातल्या याचिका, आयोगांचे जाडजूड अहवाल असं त्याचं रूप. मराठवाड्यात या विषयाला चळवळ असं नाव कुणी दिलं नाही, पण काम पन्नासेक वर्षं चालू आहे. ते कधी दलित संघटनांनी केलं, कधी भटक्या-विमुक्तांच्या कार्यकर्त्यांनी, कधी चार वकिलांनी, तर कधी एकट्या पडलेल्या एखाद्या आईने.

निजामाच्या राजवटीत इथल्या ठाण्यावर अमीन असायचा. त्याच्या दारात रयतेने जायचं ते खाली मान घालून. 1948 साली संस्थान गेलं, तेही ज्याला सगळे ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात त्या कारवाईने. राज्य बदललं, हुद्द्यांची नावं बदलली. ठाण्याचा आणि माणसाचा संबंध मात्र त्या मानाने फारच सावकाश बदलला.

त्या संबंधाची ठळक जाहीर नोंद नामांतराच्या काळात झाली. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्यानंतर अत्याचार विरोधी समितीने गावोगाव जाऊन माहिती गोळा केली, आणि तिचा अहवाल 1979 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. मराठवाड्यातल्या हिंसाचाराची आणि त्या वेळी शासनयंत्रणा काय करत होती याची चौकशी सरकारबाहेरच्या माणसांनी करून छापली, हेच त्यात नवं होतं. पुढे ‘सत्यशोधन समिती’ हा प्रकार महाराष्ट्रात रुळला. आता कुठेही काही घडलं की आठवड्याभरात दोन-तीन समित्या येऊन जातात. त्यातल्या सगळ्याच सारख्या मेहनतीच्या असतात असं नाही. काही तर जेवणाच्या वेळेआधी निष्कर्ष घेऊनच उतरतात.

त्याच वर्षी, म्हणजे 1979 सालीच, एक पत्रही गाजलं. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचं हे प्रकरण, ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखलं गेलेलं. सत्र न्यायालयाने त्या दोघांना सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, हा त्यातला एक आधार. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत आणि नागपुरात बायका रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला, आणि शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झाल्यावर बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते धरून चालायचं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं. शीला बारसे या पत्रकार बाईंच्या पत्रावरून मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले तेही त्याच वर्षी. आरोपी समोर आल्यावर ‘मारहाण झाली का?’ असं न्यायदंडाधिकाऱ्याने विचारलंच पाहिजे, हे त्यातलं एक कलम. ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण परभणीत त्याचं काय झालं हे पुढे येईल.

लातूर जिल्ह्याने या प्रश्नाला दिलेलं सर्वांत मोठं योगदान एका पुस्तकातून आलं. धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला 1988 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचं आणि पोलिसांचं नातं काय असतं, हे मध्यमवर्गीय मराठी वाचकाला त्यातून कळलं. इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. हद्दीत चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर. 1998 साली बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी तरुणाचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्याच वर्षी बंगालात बुधन सबर हा तरुण कोठडीत मरण पावला. या दोन मृत्यूंच्या आसपास महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवरचा गट उभा केला. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींना ‘सराईत’ मानणारे उल्लेखही त्याच निकालाने मोडीत काढले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाल्यावर!

आता वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते थोडक्यात. आणीबाणीनंतर नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 ते 1981 या काळात आठ अहवाल दिले, आणि ते कपाटात गेले. 1993 साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण. 1996 साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी याचिका केली आणि 22 सप्टेंबर 2006 रोजी तिचा निकाल लागला. त्यात सात निर्देश होते. महासंचालकाची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या यादीतून, ठाणेदारापासून वरच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची मुदत, तपास आणि बंदोबस्त वेगळे, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, आणि राज्य व जिल्हा अशा दोन पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरण, हे त्यातले महत्त्वाचे.

महाराष्ट्राने यावर कायदा करायला आठ वर्षं घेतली. 2014 साली महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली. राज्य सुरक्षा आयोग आला, त्याचे अध्यक्ष गृहमंत्रीच. दोन वर्षांची मुदत आली, पण ‘सार्वजनिक हित’ आणि ‘प्रशासकीय निकड’ या दोन खिडक्या उघड्या ठेवून. भोकरच्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडलेला बदल मात्र वर्तमानपत्रांनी फारसा टिपला नाही. न्यायालयाने जिल्ह्याला प्राधिकरण सांगितलं होतं, कायद्याने ते विभागाला दिलं. मराठवाडा विभागाचं ठिकाण छत्रपती संभाजीनगर, भोकरहून सुमारे तीनशे किलोमीटर. राज्य पातळीवरचं प्राधिकरण मुंबईत, त्याच्या दुप्पट अंतरावर. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम न पाळता केलेली अटक, खंडणी, जमीन बळकावणं असे विषय त्याच्याकडे नेता येतात. चौकशी करून ते सरकारला अहवाल देतं. सरकार तो मान्य करू शकतं, किंवा कारण लिहून अमान्य करू शकतं. न्यायालयाला अपेक्षित होती ती बंधनकारक शिफारस, मिळाला तो सल्ला.

या सगळ्या घडामोडीत मुंबईतल्या जाणत्यांनी बरंच काम केलं, हे कबूल केलं पाहिजे. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांनी पोलीस सुधारणांच्या समितीवर राहून अहवाल दिले. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, आणि त्याआधी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत तोच प्रयोग यशस्वी करून दाखवला होता. पण त्या कामाचा भर पोलीस नेतृत्व राजकारण्यांच्या हातातून कसं सोडवायचं यावर राहिला. महासंचालक स्वतंत्र झाला की शिपायाची काठी आपोआप खाली येईल, असं त्यात कुठेतरी गृहीत होतं. मला ते पटत नाही. ठाण्यातल्या लॉकअपमध्ये रात्री दोन वाजता काय होतं, हे मुंबईतल्या नेमणुकीवरून ठरत नाही. त्या रात्रीचा कागद कोण लिहितो आणि तो नंतर कोणाला पाहता येतो, यावर ते ठरतं.

परभणीची दोन प्रकरणं शेजारी ठेवली की हे स्पष्ट होतं. त्यांच्यात बावीस वर्षांचं अंतर आहे.

पहिलं ख्वाजा युनूसचं. परभणीचा हा सत्तावीस वर्षांचा संगणक अभियंता 2 डिसेंबर 2002 च्या घाटकोपर स्फोट प्रकरणात पकडला गेला. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला. सहआरोपीने न्यायालयात वेगळंच सांगितलं, कोठडीत त्याला होणारी बेदम मारहाण आपण पाहिली असं. त्याच्या आईने उच्च न्यायालय गाठलं. सीआयडी चौकशीत चौदा पोलिसांची नावं आली, खटल्याची परवानगी सरकारने दिली ती चौघांपुरती. 2012 साली उच्च न्यायालयाने वीस लाखांची भरपाई दिली. 2018 साली आणखी पोलिसांना आरोपी करण्याची मागणी करणाऱ्या विशेष सरकारी वकिलांनाच काढण्यात आलं. जून 2020 मध्ये त्या चौघांपैकी एक, सचिन वाझे, पुन्हा सेवेत आले आणि मुंबई गुन्हे शाखेत बसले. पुढे अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात ते आत गेले, म्हणून देशाला ते नाव कळलं. परभणीच्या त्या घराला ते आधीपासून पाठ होतं. ज्या स्फोट प्रकरणासाठी युनूसला उचललं, त्यातले खटल्याला सामोरे गेलेले आरोपी 2005 साली निर्दोष सुटले होते.

दुसरं सोमनाथ सूर्यवंशी यांचं. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. कायद्याचं शिक्षण घेणारे पस्तीस वर्षांचे सोमनाथ त्यात होते. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की, मारहाण झाली का असं न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं होतं आणि सोमनाथ यांनी नाही म्हटलं होतं. 1983 साली शीला बारसे यांनी मिळवलेला प्रश्न सरकारच्या बचावात असा कामाला आला. पोलिसांच्या गराड्यात उभ्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय येणार, याचा विचार ते कलम मागणाऱ्यांनी केला नव्हता असं नाही. पण तोंडी उत्तराला कागदाने तपासायची सोय त्यांना मिळाली नाही.

या वेळी ती सोय दुसरीकडून मिळाली. शवविच्छेदन परभणीत न होता छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालं. तिथल्या डॉक्टरांनी अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिलं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते. त्या चौकशीनेही पोलिसांवर ठपका ठेवला आणि मानवी हक्क आयोगाने नोटिसा काढल्या. तरीही गुन्हा दाखल होत नव्हता. सोमनाथ यांच्या आई खंडपीठात गेल्या, त्यांच्या बाजूने प्रकाश आंबेडकर उभे राहिले. 4 जुलै 2025 रोजी न्यायालयाने आठवड्यात गुन्हा दाखल करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे 30 जुलैला सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं. भीमसैनिकांचा मोर्चा परभणीहून मुंबईकडे चालत निघाला होता, तो नाशिकला थांबला. मोर्चाने दबाव ठेवला, यात शंका नाही. पण खटल्याचा पाया शवविच्छेदनाच्या अहवालाने घातला.

ते खंडपीठ तरी मराठवाड्याला कसं मिळालं? वकिलांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, म्हणून 1981 साली. पोलिसांच्या उत्तरदायित्वासाठी या भागातल्या नागरी समाजाने केलेलं सर्वांत टिकाऊ काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी खंडपीठाचं नाव घेईन. ती मागणी करणाऱ्यांच्या मनात पोलीस नव्हतेच, ही गंमत वेगळी.

आता जरा कडू बोलायचं. तालुक्याच्या गावी पोलिसांविरुद्ध आंदोलन झालं की निवेदनातली मागणी काय असते? ठाणेदाराची बदली करा, अमक्याला निलंबित करा. तहसीलसमोर मंडप, दोन दिवस उपोषण, तिसऱ्या दिवशी लिंबू सरबत आणि ‘कंट्रोलला जमा’ केल्याचा आदेश. सगळे खूश. सहा महिन्यांनी तोच अधिकारी शेजारच्या जिल्ह्यात ठाण्यावर असतो. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. दोन-तीन दिवसांत पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले आणि गृहमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर बीडमध्ये फौजदार निलंबित झाला, अधीक्षक बदलले गेले. लोकांची संख्या मोठी असेल तर सरकार किती चपळ होतं, याची ही दोन उदाहरणं. युनूसच्या आईमागे संख्या नव्हती.

पण बदली ही शिक्षा नव्हे. उलट बदलीची भीती आणि पोस्टिंगचा भाव, याच दोन गोष्टींनी पोलीस दल पुढाऱ्यांच्या दावणीला बांधलं गेलं आहे. मार्च 2021 मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या परमबीर सिंह यांच्या पत्राने तेव्हाच्या गृहमंत्र्यांवर महिन्याला शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप केला, तेव्हा बदल्यांच्या बाजाराचीही चर्चा झाली. त्या चर्चेत संतापलेले आपणच दुसऱ्या दिवशी आमदाराकडे ठाणेदार बदलून मागायला जातो. दोन वर्षांची मुदत प्रकाश सिंह निकालाने मिळवून दिली, ती मोडण्याचं पहिलं निमित्त आमची निवेदनं देतात.

पोलिसाची बाजू या सगळ्यात जवळपास कुणीच मांडत नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांच्या 2019 च्या पाहणीत पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात असं आढळलं. गणपती, जयंत्या, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. तपासाला उरलेला वेळ तो उरलेलाच. महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होती. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत पोलिसांचा उठाव झाला आणि तिची मान्यता गेली. तेव्हापासून शिपायाला सामूहिक आवाज नाही. 2016 साली मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने आकडेमोड करून वरिष्ठांना पटवलं म्हणून. तालुक्याच्या ठाण्यापर्यंत तो कधी पोचणार, हा प्रश्न एखाद्या निवेदनात पाहिल्याचं आठवत नाही. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाकडून तपासाची अपेक्षा धरली की तो जवळचा रस्ता निवडतो, आणि तो रस्ता लॉकअपमधून जातो. याने मारहाणीचं समर्थन होत नाही. पण मारहाण थांबवायची असेल तर पाळीचा विषय मानवी हक्कवाल्यांच्या यादीत यायला हवा.

मग भोकरसारख्या ठिकाणी करता येण्यासारखं काय आहे? कायदे बदलण्याची वाट न पाहता बरंच काही. फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवायची आणि पोच जपायची, कारण पुढे न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तीच लागते. अटक झालेल्यांची नावं-पत्ते ठाण्यात दर्शनी लावणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केलं आहे, आणि ती पाटी बघायला कुणाची परवानगी लागत नाही. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. गावातले तडजोडवाले ‘थांबा, बसून मिटवू’ म्हणत हेच वर्ष खाऊन टाकतात. छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदा अजून नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारावर 1997 साली सही केली, 2010 साली लोकसभेने विधेयकही मंजूर केलं, ते पुढे लयाला गेलं.

आणि कॅमेरे. 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात, लॉकअप आणि व्हरांड्यासकट, सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण अठरा महिने ठेवायला सांगितलं. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची दखल स्वतःहून घ्यावी लागली. त्या निकालात एक तरतूद आहे, जी तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या कामाची आहे. कॅमेरे चालू आहेत की नाहीत हे पाहायला जिल्ह्याला एक देखरेख समिती नेमायची आहे, आणि तीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांबरोबर लोकांमधून आलेला माणूसही हवा, महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. तिच्या बैठका कधी झाल्या, कोण हजर होतं, भोकरच्या ठाण्यातला कुठला कॅमेरा किती दिवस बंद होता, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. फक्त नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, आणि लोकांच्या माणसासाठी ठेवलेल्या त्या खुर्चीचा कारभारही प्रशासक म्हणून एका अधिकाऱ्याकडेच गेला.